माझ्या पाठीवर टेकलेले घर

मित्रांनो, मला सहा चाके आहेत. पुढे दोन आणि मागे एकाच आसावर चार. माझे वय एकोणीस वर्षे आहे, आणि ट्रकच्या जातीत एकोणीस म्हणजे चांगलेच म्हातारपण. तरीही मी निवृत्त झालेलो नाही. माझ्या पाठीवर एक घर टेकलेले असते आणि त्या घरात दोन माणसे राहतात. त्यांना दुसरे घर नाही. म्हणून मी मान थोडी ताठ ठेवून चालतो.

आमच्याकडे अशा घराला फिफ्थ व्हील म्हणतात. माझ्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, जाड लोखंडाची एक गोल बैठक बसवलेली आहे. घराचे नाक पुढे झुकून त्या बैठकीत येऊन अडकते. त्यामुळे मी हे घर नुसते ओढत नाही, त्याचा पाचवा हिस्सा पाठीवर उचलूनही धरतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझे सारे आयुष्य त्याने बदलले.

माझी पहिली आठ वर्षे मोंटाना राज्यात गेली. हॉलिस नावाचा गुरे पाळणारा माणूस माझा मालक होता. बर्फात, चिखलात मी त्याच्या गाई बाजाराला नेल्या. तो बोलायचा कमी. पण दर शनिवारी माझे तेल तपासायचा. पुढे त्याने गुरे विकली आणि मलाही विकले. मी साउथ डकोटामधल्या एका विक्रीच्या आवारात येऊन पडलो, तोही अगदी मागच्या कुंपणाला लागून. तिथे चौदा महिने उभा होतो. एकदा गारा पडल्या, तेव्हा पुढच्या चकचकीत गाड्यांवर ताडपत्र्या टाकायला माणसे धावली. माझ्याकडे कुणी आले नाही. माझ्या बॉनेटवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. गिऱ्हाईक यायचे, माझ्या रुंद मागच्या बाजूकडे बघून हसायचे आणि पुढे जायचे. माझ्या पोटात हॉलिसने चोख ठेवलेले इंजिन होते, पण ते कुणी सुरू करूनही पाहत नव्हते.

अशात एके दिवशी आर्लन आणि मॅव्हिस तोर्गर्सन तिथे आले.

आर्लन शाळेत बँड शिकवायचा. चाळीस वर्षे त्याने मुलांना ट्रम्पेट, ढोल आणि बासरीवर ताल धरायला लावले. स्वभावाने हौशी, चटकन भुलणारा. मॅव्हिस त्याच्या अगदी उलट. गावाच्या धान्यकोठारावर वजनकाट्याच्या खिडकीत ती एकतीस वर्षे बसली होती. रोज शेकडो ट्रक भरलेले आणि रिकामे तिच्यासमोरून गेले. ट्रकचे टायर किती दबलेत हे बघून ती वजन सांगायची, आणि काटा तिच्या मागून तेच सांगायचा.

दोघांनी राहते घर विकायला काढले होते. उरलेले आयुष्य रस्त्यावर काढायचे, जिथे आवडेल तिथे महिनाभर थांबायचे, असे त्यांचे ठरले होते. त्यांची मुलगी ब्रिटा या बेतावर फार नाराज होती. त्यामुळे निवड चुकली असती तर परत जायला घर नव्हते, आणि वर मुलीचे "मी सांगत होते ना" ऐकावे लागले असते.

आधी त्यांनी घर निवडले. ही हकीकत मी आर्लनच्या तोंडून शंभर वेळा ऐकली आहे. त्याला बेचाळीस फुटांचे एक घर आवडले होते. आत शोभेची शेकोटी होती, गुबगुबीत खुर्च्या होत्या. मॅव्हिसने विक्रेत्याला, किप नावाच्या तरुणाला, बाहेर थांबायला सांगितले.

"किती वेळ, मॅडम?" किपने विचारले.

"जेवणापर्यंत," मॅव्हिस म्हणाली. "आम्हाला इथं राहून बघायचंय."

आणि खरोखरच दोघे आत राहिले. मुक्कामाला खोली रुंद करण्यासाठी बाहेर सरकणाऱ्या भिंती मॅव्हिसने आत घ्यायला लावल्या आणि मग फ्रिजचे दार उघडते का ते पाहिले. उघडले नाही. तिने आर्लनला न्हाणीघरात पाठवून दार लावायला सांगितले.

"लागलं का?"

"लागलं," आतून आवाज आला. "पण गुडघे बाहेर राहिले."

असे करत त्यांनी सात घरे तपासली. आठवे चौतीस फुटांचे होते. त्यात शेकोटी नव्हती, पण रस्त्यात थांबून भिंती न सरकवताही स्वयंपाक करता येत होता. आर्लनला पलंगावर ताठ बसता येत होते. छताला पाणी झिरपल्याची एकही खूण नव्हती; मॅव्हिसने प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला होता. तेच त्यांनी घेतले.

मग ट्रकची पाळी आली. आर्लन सरळ एका लाल, नव्याकोऱ्या ट्रकपाशी गेला. तो ट्रक माझ्याहून हलका, दिसायला देखणा. सीटांना चामडे होते. आर्लन आत बसला तो उतरायलाच तयार होईना.

"हा तुमचं घर अगदी सहज ओढेल," किप म्हणाला.

"ओढेल रे," मॅव्हिस म्हणाली. "थांबवेल का?"

मॅव्हिसने ट्रकचे दार उघडले आणि चौकटीवर चिकटवलेला छोटा कागद चष्मा सरकवून वाचला.

"याच्या पाठीवर सोळाशे पौंड ठेवता येतात. हे मी नाही म्हणत, बनवणाऱ्यानंच इथं लिहिलंय. आमचं घर सामानानं भरलं की त्याचं नाक अठ्ठावीसशे पौंडांनी याच्यावर टेकणार. मग आम्ही दोघांनी कुठं बसायचं? मागून चालत यायचं का?"

"बरेच लोक नेतात, मॅडम."

"माहितीय. मी असे बरेच लोक काट्यावर पाहिलेत. नाक आभाळाकडे आणि ढुंगण जमिनीला."

आर्लन लाल ट्रकमधून खाली उतरला. त्याचा चेहरा पडला होता. मॅव्हिस आवाराच्या टोकापर्यंत चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याही दाराच्या चौकटीवर तसाच कागद होता. तिने तो वाचला; माझा आकडा पाच हजार पौंडांच्या वर होता. मग गुडघ्यावर बसून माझ्या मागच्या चारही टायरांवर कोणत्या वर्षाचा शिक्का आहे ते पाहिले. टायर जुने होते. "हे बदलावे लागतील," ती म्हणाली. माझ्या बॉनेटवरच्या खड्ड्यांवरून तिने हात फिरवला.

"चावी आण," ती किपला म्हणाली.

चौदा महिन्यांनी माझे इंजिन सुरू झाले. आधी खोकलो, मग नीट गुरगुरलो. आर्लनने कान टवकारले. "अगं मॅव्हिस," तो म्हणाला, "हा खालच्या सुरात गातोय बघ. अगदी बँडमधल्या त्या मोठ्या ट्युबासारखा!" आणि इतका वेळ लाल ट्रकसाठी रुसलेला तो माणूस हसू लागला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस. माझी ताकद आजवर अनेकांनी वापरली होती. पण ती मोजून, समजून मला निवडणारी मॅव्हिस पहिलीच.

त्यानंतर चार वर्षे आम्ही खूप हिंडलो. उन्हाळ्यात उत्तरेला, थंडीत अॅरिझोनाच्या वाळवंटात. निघताना पहिल्याच आठवड्यात मॅव्हिसने आम्हाला भरल्या घरासह काट्यावर चढवले आणि आर्लनची तीन खोकी पुस्तके आणि एक ढोल ब्रिटाकडे परत पाठवला. चालवायचा नेहमी आर्लन. मॅव्हिस शेजारी नकाशा घेऊन बसायची. घर सोडलेले असताना ती मला एकट्याला बाजारात न्यायची. मात्र घर जोडलेले असताना तिने स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. "मी वजन करणारी, वाहणारी नव्हे," असे म्हणायची. आणि एकदा आर्लनने गाडीत बसूनच कॉफी घ्यायच्या खिडकीच्या चिंचोळ्या बोळात मला घातले आणि माझे रुंद कुल्ले दोन्हीकडे अडकले, ते मी सांगणार नाही, कारण त्यात माझी काही चूक नव्हती.

पाचव्या उन्हाळ्यात आम्ही वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचे डोंगर ओलांडत होतो. चढ संपला. घाटमाथ्यावर रस्त्याकडेला खडीची थोडी जागा होती. तिथे आर्लनने मला थांबवले. पुढे अकरा मैलांचा उतार होता, राज्यातल्या सर्वांत तीव्र उतारांपैकी एक. सकाळचे अकरा वाजले होते. आर्लन खाली उतरला, दोन पावले चालला आणि माझ्या चाकाला टेकून बसला.

"मॅव्हिस," तो म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मॅव्हिसने त्याला अॅस्पिरिनची गोळी चावायला दिली. फोनला रेंज नव्हती. दोन मोटरसायकली वर येऊन थांबल्या. एकीवर साधारण पन्नाशीची एक बाई होती. मॅव्हिसने तिला हात केला.

"खाली जा. रेंज मिळेल तिथून अॅम्ब्युलन्स बोलवा. उताराच्या पायथ्याशी थांबा म्हणावं. मी यांना घेऊन येते."

"या अवजड गाडीतून?" त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारले.

"हो. यातूनच."

मोटरसायकली गेल्या. आर्लन पुटपुटला, "घर इथंच सोड. रिकामा ट्रक घेऊन जा."

मॅव्हिसने जमिनीकडे पाहिले. खडी सैल होती आणि जागा उतरती. "इथं सोडायला मिनिटं जाणार," ती म्हणाली, "आणि सुटलं तर कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडेल. चल, चढ."

तिने त्याला शेजारच्या सीटवर बसवले, पट्टा लावला आणि वळसा घालून माझ्या स्टिअरिंगमागे येऊन बसली. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी करकचून धरले. स्टिअरिंगला भीती लगेच कळते. चौदा हजार पौंडांचे घर माझ्या पाठीला अडकलेले होते आणि माझ्या आत ती दोघे होती.

ती पुटपुटत आठवू लागली. "दुसरा गिअर. एक्झॉस्ट ब्रेक चालू." मित्रांनो, या ब्रेकमध्ये इंजिन आपला धूर स्वतःच कोंडून धरते आणि चाकांना आवरते. मी श्वास कोंडला. आम्ही उतरू लागलो.

पहिल्या वळणावर तिने पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरला. ते चूक होते. तसे केले की ब्रेक तापतात आणि मग धरतच नाहीत. आर्लनने डोळे मिटले होते, पण त्याचा कान जागा होता.

"दाबून धरू नकोस," तो म्हणाला. "दाब... एक, दोन, तीन... सोड. ताल धर."

"तू गप्प बस आणि श्वास घे!"

"मी ताल देतो, तू दाब. एक, दोन, तीन, सोड."

"आर्लन, तू बोलू नकोस म्हटलं ना!"

"बोललो नाही तर तुला वाटेल मी मेलो."

ती रडता रडता हसली. आणि मग ती ताल धरून ब्रेक दाबू लागली. दाब, सोड. दाब, सोड. कडेला दरी होती. सहाव्या मैलाला एक हलका ट्रक बाजूला थांबलेला दिसला. त्याच्यामागे भले मोठे घर होते आणि चाकांतून निळा धूर निघत होता. माणसे बाहेर उभी होती, सुखरूप होती. पण त्यांना आता तासभर हलता येणार नव्हते. मॅव्हिसने एकदाच तिकडे पाहिले. "आपला दमलेला नाही," ती म्हणाली. तिने हे आर्लनला सांगितले की मला, कोण जाणे. मी मात्र ते स्वतःकडेच घेतले.

माझे इंजिन ओरडत होते. मी तापलो होतो. पण मी घराला एकदाही माझ्यावर धावून येऊ दिले नाही. मागची चार चाके रस्त्याला चिकटून होती. अकरा मैल उतरायला आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. आर्लनचा ताल शेवटी शेवटी अगदी हळू झाला होता, पण थांबला नव्हता. पायथ्याशी अॅम्ब्युलन्स उभी होती, आणि तिच्याशेजारी ती मोटरसायकलवाली बाई दोन्ही हात हलवत होती.

आर्लन वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आले नसते. मात्र त्यांनी दुसरेही सांगितले, की यापुढे त्याने एवढे ओझे घेऊन गाडी चालवायची नाही. कधीच नाही.

ब्रिटा विमानाने आली. बापाच्या गळ्यात पडून रडली आणि मग आईशी भांडली.

"पुरे झालं आता, आई. विकून टाका ते सगळं. माझ्याकडे खोली आहे."

"तुझ्याकडे पाहुणी म्हणून येईन," मॅव्हिस म्हणाली. "राहायला माझं घर आहे."

"पण ते चालवणार कोण?"

पुढचे तीन आठवडे मॅव्हिस माझ्याकडे फिरकलीही नाही. पायथ्याच्या गावातल्या मोकळ्या जत्रेच्या मैदानावर आम्ही मुक्काम केला होता. माझ्या काचेवर धूळ साचली, वायपरखाली कोरडी पाने अडकली. मला कुंपणापाशी काढलेले चौदा महिने आठवले. तिला आता माझी भीती वाटत होती. त्या दिवशी ती सरळ पुढे चालवत आली होती. पण घर मागे घेऊन जागेवर लावणे हे निराळे काम, आणि ते तिला येत नव्हते.

मग एका सकाळी ती सहा रिकाम्या बादल्या घेऊन आली. त्या तिने मैदानात रांगेत मांडल्या. आर्लन घडीच्या खुर्चीत बसला.

"स्टिअरिंग खालून धर," तो म्हणाला. "घराचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात ने. उजवीकडे!"

"तुझं उजवं की माझं उजवं?"

"माझं! नाही, तुझं! थांब! थांब म्हटलं ना!"

एक बादली चपटी झाली. मग दुसरी. दुपारपर्यंत दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. तेव्हा आर्लन घरात गेला आणि ट्रम्पेट घेऊन आला. हळू वाजवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. एक सूर म्हणजे डावीकडे, दोन सूर म्हणजे उजवीकडे, लांब सूर म्हणजे थांब. त्यानंतर एकही शब्द लागला नाही आणि भांडणही झाले नाही. नवव्या दिवशी मॅव्हिसने घर दोन बादल्यांच्या मधोमध लावले. ती खाली उतरली, दोन्हीकडचे अंतर पावलांनी मोजले आणि माझ्या खड्डे पडलेल्या बॉनेटवर जोरात थाप मारली. मला लागले, पण फार बरे वाटले.

सप्टेंबरात आम्ही आयडाहोमधल्या एका तळ्याकाठच्या मुक्कामाला पोहोचलो. आमची जागा चिंचोळी होती. एका बाजूला पाइनचे झाड, दुसऱ्या बाजूला नळाचा खांब. एखादे घर मागे येऊ लागले की अशा ठिकाणी लोक कॉफीचे मग घेऊन तमाशा बघायला बाहेर येतात. तसे दहाबारा जण आले. स्टिअरिंगमागे पांढऱ्या केसांची बाई पाहून एक धिप्पाड गृहस्थ आर्लनजवळ गेला.

"मी लावून देऊ का? उगाच बाईंना कशाला त्रास?"

"मला काय विचारता?" आर्लन म्हणाला. "मी तर नुसता प्रवासी."

मग त्याने खिशातून फुंकायचे तोंड काढून हातातल्या ट्रम्पेटला बसवले. लोक चकित होऊन बघत राहिले. पहिल्या वेळी मॅव्हिसला जमले नाही; ती पुढे गेली. दुसऱ्या वेळी झाड एक वीत उरले, पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी मी चाके वळवली, घराचे शेपूट सावकाश आत गेले आणि लांब सूर घुमला. झाड दोन हात लांब होते, नळही दोन हात लांब. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. तो धिप्पाड गृहस्थ मोकळ्या मनाचा निघाला. "बाई, मला हे चौथ्यांदाही जमलं नव्हतं," तो मॅव्हिसला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या घरातून नेल्डा नावाची एक बाई आली. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता. त्याचा ट्रक आणि घर तेव्हापासून तिथेच उभे होते, टायर जमिनीत रुतत चालले होते. तिला ते विकवेना आणि चालवताही येईना.

"मला शिकवाल का?" तिने विचारले. "पण माझा ट्रक नको. त्याचा आहे. त्याला लागलं तर मला सहन नाही व्हायचं."

मॅव्हिसने वळून माझ्याकडे पाहिले. "याच्यावर शीक," ती म्हणाली. "याला लागलं तरी चालतं."

मित्रांनो, एरवी मला हे वाक्य झोंबले असते. पण नेल्डा माझ्या स्टिअरिंगमागे बसली, आणि तिनेही ते मॅव्हिससारखेच करकचून धरले. पाच दिवसांनी ती स्वतःचे घर घेऊन मुलाच्या गावाला निघाली. जाताना तिने मला चहूबाजूंनी पाण्याने धुतले.

आज त्याला सहा वर्षे झाली. त्यानंतर जिथे जिथे आम्ही थांबलो, तिथे कुणी ना कुणी बाई मॅव्हिसला शोधत आली. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा गेलेला, कुणाला नवऱ्याच्या हाताखालीच राहायचा कंटाळा आलेला. आजवर एकोणतीस जणी माझ्यावर शिकल्या. माझ्या उजव्या कुल्ल्यावर खांबाचा चरा आहे, तो कोरा नावाच्या बाईचा. मागची फळी वाकली आहे, ती दोघी बहिणींनी मिळून वाकवली. मॅव्हिस ते ठोकून सरळ करत नाही. आणि मलाही ते नको आहे. एखाद्या सैनिकाने पदके मिरवावीत तसा मी ते मिरवतो.

मित्रांनो, एकच सांगतो. तुमच्या घरी जे काही तुमच्यासाठी ओझे वाहते, ते यंत्र असो, जनावर असो की माणूस, त्याचे टायर, त्याचे तेल, त्याचा श्वास अधूनमधून तपासत जा. ते कुरकुरत नाही म्हणून त्याच्यावर आणखी भार टाकू नका. ते जुने दिसते म्हणून कुंपणापाशी टाकूही नका. मी किती ओढू शकतो, याचे कौतुक आजवर पुष्कळांनी केले. मला किती झेपेल, हे विचारले एकट्या मॅव्हिसने. आणि जिने ते विचारले, तिच्यासाठी मी डोंगरही उतरलो.